जावयाचा पाण्याचा कॉम्प्युटर

माझा नवरा आणि माझे बाबा कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण असं काही झालं नव्हतं. आमचं घर सातपाटीचं, मासेमारी करणारं, आणि मी लग्न ठरवलं ते पाम गावच्या एका बागायतदाराच्या मुलाशी, तेही स्वतःच्या मनाने. बाबांनी विरोध केला नाही. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, चारचौघांत हसलेसुद्धा. पण जावयाशी बोलायची वेळ आली की ते माझ्याकडे किंवा आईकडे बघून बोलत. "त्यांना चहा विचार." "ते येणार हायत का?" तो समोर बसलेला असायचा आणि बाबा त्याच्याबद्दल शेजारच्या गावात राहणाऱ्या माणसाबद्दल विचारावं तसं विचारायचे.

नवऱ्याने ते मनावर घेतलं नाही. "समुद्रावरची माणसं, वेळ लागतो," असं म्हणायचा. मला वाईट वाटायचं, पण मीही विषय काढत नसे.

आम्ही पालघरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो, अगदी वरच्या मजल्यावर. मी बोईसरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. तो घरूनच काम करायचा. न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायची, हे त्याचं काम. बिल्डर नकाशे पाठवायचे आणि हा त्यावरून कॉम्प्युटरवर अख्खी बिल्डिंग उभी करायचा. काचांवर संध्याकाळचं ऊन, खाली गाड्या, बागेत लेकरू घेऊन चाललेली बाई. पालघर, बोईसर, सफाळे, जिकडेतिकडे कामं चालू होती, त्यामुळे त्याला फुरसत नसायची.

असं एक चित्र पक्कं व्हायला कॉम्प्युटर तासन्‌तास राबतो. त्यातला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापतात, आणि फार तापले की स्वतःचा वेग कमी करतात. त्याहून तापले की सगळं बंद पडतं. आमच्या डोक्यावर थेट गच्ची. मे महिन्यात खोलीतली हवाच इतकी गरम असायची की पंखे नुसते घोंगावत राहायचे. एका दुपारी जवळजवळ संपत आलेलं काम गेलं आणि तो डोकं धरून बसला. त्यानंतर त्याने ठरवलं की कॉम्प्युटर पाण्यावर थंड करायचा.

मला वाटलं, गंमत करतोय. वीज आणि पाणी एका डब्यात? त्याने मला समजावलं. तापणाऱ्या भागावर धातूचा एक ठोकळा बसवायचा, त्याच्या आत केसासारख्या बारीक चिरा असतात. त्यातून पाणी जातं, उष्णता घेतं, नळीतून रेडिएटरमध्ये येतं, तिथे पंख्याच्या हवेने निवतं आणि परत फिरतं. पाणी नळीच्या बाहेर येतच नाही. हे सगळं फिरवायला एक पंप लागतो, एवढंच.

त्या "एवढंच"मध्ये पुढे सगळं आलं.

पहिला पंप त्याने लावला तो कूलरमध्ये असतो तसला, छोटा. खोक्यावर तासाला इतके लिटर असा मोठा आकडा छापलेला. त्याला वाटलं, भरपूर झालं. सगळं जोडलं, पाणी भरलं, मशीन चालू केलं, आणि तापमान चढतच गेलं. पंख्यावर चालायचं तेव्हापेक्षाही जास्त. तो दोन दिवस नळ्या काढत आणि लावत होता.

नेमके त्याच आठवड्यात बाबा आमच्याकडे आले. एरवी आई यायची, सुके बोंबील नाहीतर जवळा घेऊन. तिचा गुडघा धरला होता म्हणून बाबांना यावं लागलं. त्यांनी समुद्रावर जाणं थांबवलं होतं. बोट चुलत्याच्या मुलाकडे दिली होती आणि दिवसभर काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. पिशवी माझ्या हातात देऊन ते दारातूनच परत फिरणार होते. तेवढ्यात त्यांना टेबलावर उघडा पडलेला कॉम्प्युटर दिसला. नळ्या, पाणी, टाकी. ते चप्पल काढून आत आले आणि थेट माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले,

"ह्याला पाणी कशाला?"

त्यांनी जावयाला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले.

नवऱ्याने सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोटीच्या इंजिनला पन असाच पंप असतो. दर्याचं पाणी ओढतो, इंजिनला फिरवतो, कुशीतनं बाहेर टाकतो. आमी कायम त्या धारेवर नजर ठेवतो. धार बारीक झाली का इंजिन गेलं समजा." मग वाकून त्यांनी नळीला बोट लावलं. "तुमची धार कुठं हाय?"

नवऱ्याने नळी सोडून बादलीत धरली. नुसत्या पंपातून पाणी भसाभस आलं. मग रेडिएटर आणि ठोकळे जोडून नळीचं शेवटचं टोक बादलीत धरलं, तर नळ नीट बंद न केल्यासारखं थेंबथेंब. दोघेही त्या बादलीत बघत राहिले.

"मोकळ्यावर पाणी टाकतो, पन अडलं का याच्यात जोर नाय," बाबा म्हणाले.

"हो," नवरा म्हणाला. "मी लिटर बघितले, जोर बघितलाच नाही."

पुढच्या रविवारी बाबा न सांगता आले. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बोईसरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी कारखान्यातला पंप आणला होता, नारळाएवढा. चेहऱ्यावर असा आनंद की मला त्यांच्या बोटीवर नवं इंजिन बसवलं तो दिवस आठवला. दोघांनी मिळून तो फळीवर ठोकला. चालू केल्यावर पाणी नळ्यांतून असं पळालं की नळ्या थरथरल्या. तापमान पटकन खाली आलं. बाबा माझ्याकडे बघून हसले.

पण तासाभराने आकडा परत वर सरकायला लागला. टेबल हलत होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या की गिरणी घातली का. नवऱ्याने टाकीतल्या पाण्यात बोट घातलं आणि बाबांनाही घालायला सांगितलं. पाणी कोमट होतं. एवढा मोठा पंप स्वतःच तापत होता आणि ती उष्णता पाण्यातच सोडत होता.

"एवढं पाणी पळतंय, मंग थंड का होत नाय?" बाबांना ते पटेना.

"बाबा, पाणी कितीही पळवलं तरी उष्णता शेवटी हवेत सोडायची आहे," तो म्हणाला. तोपर्यंत त्याने त्यांना कशानेच हाक मारली नव्हती. "रेडिएटर सोडेल तेवढीच सुटणार. पाणी फार हळू गेलं तर ठोकळ्यापाशी तापून बसतं, तिथवर पंप वाढवून फायदा आहे. त्याच्यापुढे वाढवला तर नुसता आवाज."

"दर्यात असं नसतं."

"तुमच्याकडे पाणी परत फिरतच नाही ना. गरम झालं की समुद्रात गेलं, थंड नवीन आलं. माझं तेच तेच पाणी फिरतंय."

बाबांनी टाकीत परत बोट बुडवलं. मग म्हणाले, "ह्यो दर्या लई लहान हाय तुजा."

तुमचा नाही, तुजा. त्या दोघांच्या लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी घासत बसले.

शेवटी खास कॉम्प्युटरसाठी असतो तसला पंप मागवायचं ठरलं. त्यातही दोन प्रकार. एक पाणी जास्त देणारा, पण रेटा बेताचा. दुसरा पाणी जरा कमी देणारा, पण अडचणीतून रेटून नेणारा. बाबा आता रोज फोन करायचे, मला नाही, त्याला. मी लॅबमधून आले की तो फोनवर नळीच्या वळणांबद्दल बोलत असायचा. आपल्याकडे दोन ठोकळे आहेत, रेडिएटर जाड आहे, वाट अरुंद आहे, तेव्हा रेटणाराच घ्यायचा, असं दोघांचं ठरलं. पंप आला तो मुठीएवढा. बाबांना हसू आवरेना.

त्या पंपाला बारीक शिटीसारखा आवाज होता. बाबांनी घरून जाळं तरंगत ठेवणाऱ्या बोयाचा मऊ तुकडा आणला आणि कापून पंपाखाली बसवला. आवाज अर्धा झाला. नळीची दोन नको असलेली वळणं त्यांनी काढली. टाकी पंपाच्या वर घेतली, म्हणजे पंप कधी कोरडा पडायचा नाही. मग नवऱ्याने पंपाचा वेग हळूहळू उतरवत नेला. बाबा पडद्यावरचा आकडा वाचत होते. आकडा बराच वेळ हललाच नाही. मग एका ठिकाणी वेग उतरवल्याबरोबर तो चढायला लागला. "बस," बाबा म्हणाले, "थोडा वर घे." वेगाच्या बटणावर तिथे त्यांनी माझ्या नेलपॉलिशने खूण केली. मशीन इतकं शांत झालं की बाहेरच्या रिक्षांचे आवाज ऐकू आले.

त्यानंतरचा काळ आमच्या घरातला सगळ्यात सुखाचा होता. बाबा रविवारी यायचे. काम काही नसायचं, पण टाकीतलं पाणी बघायचे, रेडिएटरवरची धूळ ब्रशने काढायचे. एकदा त्याला बोटीवर घेऊन गेले. तो दिवसभर उलट्या करत होता आणि तरी इंजिनाच्या तोंडाशीच बसून होता, असं बाबांनी आईला कौतुकाने सांगितलं. आई मला म्हणाली, "माज्या माणसाला पोरगा मिळाला, बाय." मला भाऊ नाही.

तो गेला त्या दिवशी सकाळी त्याला सफाळ्याला एका साइटवर फोटो काढायला जायचं होतं. घरी कॉम्प्युटरवर एक मोठं चित्र लावून ठेवलं होतं. मी त्याच्या आधी निघाले, बोईसरच्या गाडीने. तो दात घासत होता. आम्ही काही विशेष बोललो नाही.

दुपारी लॅबमध्ये गेटवरून निरोप आला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, बाहर एक बुजुर्ग खड़े हैं, बोल रहे हैं बेटी को बुलाओ." मी एप्रन न काढताच बाहेर गेले. बाबा उभे होते. घरातलाच शर्ट, गळ्यात टॉवेल. माझ्या कामाच्या जागी ते कधीच आले नव्हते. त्यांना रस्तासुद्धा विचारत यावं लागलं असणार.

"चल बाय. त्याला बरं नाय वाटत. पालघरला आणलंय."

"काय झालं? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चक्कर आली. तिथल्या एका दुकानदाराचा फोन आला मला."

मी आत जाऊन एप्रन काढून ठेवला, डबा घेऊन आले. डबा त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून बसले. मी एकामागून एक विचारत होते. तो बोलतोय का? कोण आहे त्याच्याजवळ? तुम्ही मला फोन का नाही केला? बाबा बाहेर बघत होते. "गेल्यावर बघू," एवढंच दर वेळी म्हणत होते. एकदा मी चिडले आणि म्हणाले, तुम्ही नीट सांगत का नाही. तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता आणि त्यांनी तो काढला नाही.

त्यांना तेव्हा सगळं माहीत होतं. सफाळ्याला स्टेशनाबाहेर रस्त्यातच तो पडला. मेंदूत रक्तस्राव झाला होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आणि कोणी काही करू शकलं असतं असं नव्हतं. जवळच्या दुकानदाराने त्याच्या फोनवरून शेवटचा नंबर लावला. तो बाबांचा निघाला. गाडीत बसल्यावर त्याने बाबांना फोन केला होता की निघताना टाकीतलं पाणी थोडं उतरलेलं दिसलं, आल्यावर भरतो. बाबा म्हणाले होते, तू उन्हातनं दमून येशील, मीच येतो. दुकानदाराचा दुसरा फोन, तो गेल्याचा, आला तेव्हा बाबा पालघर स्टेशनला पोचले होते. इस्पितळ तिथून जवळ होतं. पण ते तिकडे गेले नाहीत. मला आणायला बोईसरच्या गाडीत बसले.

पुढे मी त्यांना विचारलं की फोनवर का नाही सांगितलंत. "तू एकटी असतीस," ते म्हणाले.

पामला सगळं झालं. सासरची माणसं चांगली आहेत, त्यांनी मला तिथेच ठेवून घेतलं. काही दिवसांनी कपडे आणायला मी बाबांबरोबर पालघरला आले. दार उघडलं तर खोलीत मंद आवाज येत होता. कॉम्प्युटर चालूच होता. ते आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी माउसला हात लावल्यावर पडदा उजळला. चित्र कधीच पुरं झालं होतं. सात मजली इमारत, संध्याकाळ, बागेत बाई आणि लेकरू.

मला तेव्हा रडू आलं नाही. मी खुर्चीत बसले आणि त्याच्या टेबलावरचं सामान बघत राहिले. चष्मा पुसायचं फडकं. अर्धी राहिलेली चिक्की. बाबांनी पंपावर हात ठेवला, मग खाली वाकून टाकी बघितली. "पाणी उतरलंय," ते म्हणाले. कोपऱ्यातली बाटली आणून त्यांनी टाकीवरच्या रेघेपर्यंत पाणी भरलं, एक थेंब न सांडता. मग मला विचारलं, "बंद करू?"

"नको," मी म्हणाले.

मी त्या फ्लॅटमध्ये परत राहायला आले. सगळ्यांनी नको म्हटलं, पण कामावर जायचं होतं, आणि दुसरीकडे मला झोप लागत नव्हती. बाबा रविवारी येत राहिले. पाणी बघायचे, धूळ काढायचे. मशीनवर काहीच काम चालू नव्हतं, त्यामुळे ते तापतही नव्हतं. आकडा खालीच असायचा. बाबा तो वाचायचे आणि मान हलवायचे. आम्ही त्याच्याबद्दल बोलायचो नाही. पंपाबद्दल बोलायचो. मला एकदा वाटलं, हे असं चालू राहिलं तर आम्ही दोघंही वेडे होऊ.

बोईसरला त्याचा एक मित्र हेच काम करतो. नवऱ्याची अर्धवट राहिलेली कामं ह्या मित्राने पुरी केली आणि त्यावर नवऱ्याचंच नाव घातलं. त्याचं स्वतःचं मशीन जुनं होतं, सारखं बंद पडायचं. त्याने काही मागितलं नव्हतं. मीच ठरवलं की कॉम्प्युटर त्याला द्यायचा. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "तुजी वस्तू हाय. त्याच्या दोस्ताचा हात लागेल तर बरंच."

पाणी काढलं ते बाबांनीच. नळी सोडून त्यांनी ते सगळं बाटल्यांत भरून घेतलं. मी म्हटलं, बाबा, तिकडे नवीन भरतील. "मुरलेलं पाणी हाय," ते म्हणाले. त्याला काही अर्थ नव्हता हे त्यांनाही ठाऊक असावं. रिक्षात मशीन त्यांच्या मांडीवर आणि बाटल्या माझ्या पायाशी.

मित्राच्या घरी बाबांनी सगळं परत जोडलं. तो हे काम त्यांच्यापेक्षा लवकर करू शकला असता, पण बाजूला उभा राहून हवं ते हातात देत राहिला. बाबा सांगत होते. टाकी कायम वर. मशीन हलवलं तर आधी बुडबुडे काढायचे. वेग ह्या लाल खुणेपाशीच ठेवायचा, वर नेऊन काय मिळत नाय, पंप मात्र लवकर झिजतो. तो "हो काका, हो काका" म्हणत होता. चालू केल्यावर सगळं ठीक चाललं. मग त्याने, सवयीने असेल, वेगाचं बटण पूर्ण फिरवून बघितलं. पंप शिटी वाजवल्यासारखा ओरडला. बाबांचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"तुमचंच हाय आता," ते म्हणाले.

बाहेर पडलो. रस्त्यावर कारखान्यांचे टँकर चालले होते, खूप धूळ होती. एका चहाच्या टपरीजवळ बाबा बाकड्यावर बसले. मला वाटलं, दमले. मी चहा सांगितला आणि वळून बघितलं तर ते टॉवेल तोंडावर दाबून रडत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. त्यांचा सख्खा भाऊ समुद्रावर वारला तेव्हासुद्धा नाही. टपरीवाल्याने ग्लास हळूच बाकड्यावर ठेवले आणि तो पाठ फिरवून उभा राहिला.

"चांगला होता गं," बाबा म्हणाले. "मी किती दिवस वाया घालवले."

मी त्यांच्या शेजारी बसले. आणि मग मलाही रडू आलं, इतक्या महिन्यांनी, भर रस्त्यात. चहा निवून गेला. आम्हाला कोणी उठवलं नाही.

त्यानंतर बाबा परत बोटीवर जायला लागले. ह्या वयात, चुलत्याच्या मुलाच्या हाताखाली. आईचा जीव वरखाली होतो. वारा वाढला की ती मला फोन करते आणि म्हणते, तू सांग त्यांना, तुजं ऐकतील. मी हो म्हणते, पण सांगत नाही. घरात बसून राहिलं की काय होतं ते मला माहीत आहे.